डावीकडून आवाज कमी येतो

माझ्या टेबलावरचे दोन स्पीकर एकाच खोक्यातून, एकाच दिवशी घरात आले. पण उजवा कर्ता निघाला आणि डावा ऐदी. जुन्या नाटकाचं रेकॉर्डिंग लावलं की उजवीकडून माणसं खणखणीत बोलायची आणि डावीकडून तीच माणसं शेजारच्या फ्लॅटमध्ये भांडत असल्यासारखी वाटायची. मी डाव्याच्या पाठीत दोन थापट्या घातल्या. आमच्या पिढीला यंत्र दुरुस्त करायची तेवढीच एक रीत ठाऊक. त्याला काही फरक पडला नाही.

मी बाळ टिपणीस. नाव बाळ आणि वय शहात्तर, हा विनोद दिल्लीतल्या यच्चयावत मराठी माणसांनी करून झालाय, तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नका. केंद्र सरकारच्या एका खात्यात फायली वर-खाली करण्यात नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर सरकारी क्वार्टर सोडलं आणि गाझियाबादला हा फ्लॅट घेतला. गेल्या हिवाळ्यात माझी बायको वृंदा गेली. तेव्हापासून घरात मराठी बोलायला कुणी नाही. गार्डशी हिंदी, दूधवाल्याशी हिंदी, समोरच्या शर्माजींशी हिंदी. मराठीत फक्त स्वतःशी पुटपुटतो, आणि स्वतःशी किती बोलणार? माझी मतं मला आधीच ठाऊक असतात.

ते रेकॉर्डिंग बाहेर काढायला कारण झाली शालिनी. ही आमच्या मराठी मंडळाची हल्लीची सेक्रेटरी. नोएडात कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्यामुळे विनंतीसुद्धा हुकमासारखी करते.

“बाळकाका, यंदा गणपतीत आपण एक नॉस्टॅल्जिया सेगमेंट ठेवतोय. तुमच्या त्या नाटकातला शेवटचा प्रवेश करायचा. नाही म्हणायचं नाही हं बिल्कुल. कुमुदिनीमावशी ऑलरेडी तयार आहेत.”

ते नाटक आमच्या विठ्ठलरावांनी लिहिलेलं. दिवसभर ऑडिटच्या आकड्यांत मान घालून बसणारा माणूस, पण रात्री संवाद असे लिहायचा की ज्याचं नाव ते. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात आम्ही ते केलं होतं. मी निवृत्त स्टेशनमास्तर आबा, आणि कुमुदिनी माझी सून. तेव्हा केसांना टाल्कम पावडर फासून मी म्हातारा झालो होतो. आता पावडर लागणार नव्हती. सूनबाईंचे मात्र मधल्या काळात दोन्ही गुडघे बदलून झाले होते.

मी ऐटीत हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लगेच पस्तावलो.

कारण मंडळात माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी: बाळला प्रॉम्प्टर लागत नाही. हौशी नाटकात विंगेत कुणीतरी संहिता धरून बसावं लागतं. नट अडखळला की हळूच पुढचा शब्द पुरवायचा. आमच्याकडे ते काम वृंदा करायची, पण इतरांसाठी. मी एकदा उभा राहिलो की अंकच्या अंक धबधब्यासारखा म्हणायचो, आणि इतर अडखळले की नाकानं कांदे सोलायचो. आता त्याच माणसाला लिफ्टमध्ये शिरल्यावर आपला मजला आठवत नव्हता. दोनदा दूध उतू गेलं. एकदा गॅस तसाच राहिला, आणि ते नेमकं मयूराला कळलं. मयूरा म्हणजे माझी मुलगी, गुडगावला असते. “बाबा, आता तुम्ही एकटे नाही राहू शकत,” असं तिनं तेव्हापासून धरून ठेवलंय. तेव्हा माझं गणित साधं होतं. हा प्रवेश धडपणे झाला तर मी अजून शाबूत आहे. चारचौघांत अडखळलो, तर लोक हळहळतील आणि मयूरा मला उचलून तिच्या गेस्टरूममध्ये नेऊन ठेवेल.

संहिता कुठेच उरली नव्हती. विठ्ठलराव गेले, त्यांच्या मुलांनी घर विकलं, कागद रद्दीत गेले. उरलं ते हे रेकॉर्डिंग. आमचा बळवंत करोल बागेत रेडिओचे सुटे भाग विकायचा. त्या प्रयोगाला त्यानं हौसेनं दोन माइक लावून कॅसेट भरली होती आणि मयूरानं कधीतरी तिची फाइल करून मला दिली होती. म्हणजे मला भूमिका ऐकून पाठ करायची होती, आणि ऐकायला बसलो तर डावा स्पीकर असा.

मयूराला फोन केला.

“बाबा, दोन स्पीकरच्या मध्ये पातळ वायर असते ना, ती काढून परत लावा.”

टेबलाखाली शिरलो, काढली, लावली, डोकं आपटून घेतलं. डावीकडून आवाज तसाच.

“अच्छा. मग साउंड सेटिंग्जमध्ये जा. लेफ्ट आणि राइट किती आहे?”

“दोन्ही शंभर.”

“पक्का?”

“मयूरा, मला आकडे वाचता येतात.”

“चिडू नका ना यार बाबा. ईयरफोन लावून बघा.”

ईयरफोन लावला. डाव्या कानात आवाज कमी. म्हटलं, स्पीकर बिचारा धडधाकट आहे आणि आपला कानच गेला. मयूरा काही बोलायच्या आत मी ईयरफोन उलटा लावला, डाव्या कानातलं उजव्यात. आता उजव्या कानाला कमी ऐकू आलं. म्हणजे कान शाबूत होते. एवढ्याशा आनंदानं मला हसू आलं, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं म्हणून मी मयूरालाच सांगितलं. ती म्हणाली, “गुड. आता दुसरं काहीतरी लावा, न्यूज वगैरे.”

बातम्या लावल्या. निवेदिका दोन्ही बाजूंनी सारखीच किंचाळत होती.

“मग स्पीकरमध्ये प्रॉब्लेमच नाहीये, बाबा. रेकॉर्डिंगच तसं आहे. तुम्ही मोनो ऑन करा. दोन्हीकडचा आवाज मिक्स होऊन सारखा येईल.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळपासून मी ज्याला बडवत होतो तो डावा स्पीकर निर्दोष निघाला. मी तिनं सांगितलं तसं मोनो केलं. दोन्हीकडून सारखा आवाज यायला लागला खरा, पण त्यात एक नवीच पीडा उपटली. माझ्या प्रत्येक वाक्याच्या आधी कुणीतरी खुसफुसत होतं. मी आपला रंगात येऊन म्हणतोय आणि ही खुसफुस माझ्या पुढे पुढे पळतेय. प्रेक्षकांतली कोण ही बया, असं वाटून अंगाचा तिळपापड झाला. परत मयूराला फोन.

“अगं, मागे कुणीतरी कुजबुजतंय.”

“काय करतंय?”

“कुजबुजतंय. फुसफुसतंय म्हण.”

“अच्छा अच्छा. फाइल पाठवा, वीकएंडला बघते. आता मीटिंग आहे, ठेवू?”

मी ठेव म्हटलं आणि फाइल पाठवून दिली. आमचं बोलणं हे असंच असतं. काही बिघडलं की मी फोन करतो, ती दुरुस्ती सांगते, आणि दुरुस्त झालं की बोलायला काही उरत नाही. वृंदा असताना त्या दोघी तास तास बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे. मी शेजारच्या खुर्चीत असायचो, पण माझं लक्ष नसायचं.

माणूस चिडला की शत्रूला नीट पारखून घेतो. दुपारी जेवण झाल्यावर मी मोनो बंद केलं, उजवी बाजू शून्यावर आणली, डावी शंभरावरच ठेवली आणि स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. म्हटलं, बघू तरी कोण आहे ती.

आधी नुसती खरखर आली. मग लांबून, जाड पडद्याच्या पलीकडून नाटक. आणि मग अगदी जवळ, जणू टेबलाच्या कडेशी बसून, एक बाई म्हणाली, “गाडी कितीही लेट असो.”

आणि पडद्यापलीकडून मी म्हणालो, “गाडी कितीही लेट असो, सिग्नल पाडून ठेवावा लागतो.”

“सूनबाई, तुम्ही दार,” बाई म्हणाली.

“सूनबाई, तुम्ही दार लावून घेऊ नका,” मी म्हणालो.

तिसऱ्या वाक्याच्या आधी तिनं एक छोटा श्वास घेतला, आणि मी तिला ओळखलं. काहीही बोलायच्या आधी असा श्वास फक्त वृंदा घ्यायची, “अहो, ऐकलं का” म्हणण्याआधीसुद्धा. बळवंतनं एक माइक रंगमंचासमोर टांगला असणार आणि दुसरा डाव्या विंगेत, पडद्यामागे. त्याच विंगेत स्टुलावर वृंदा संहिता घेऊन बसलेली असायची.

तिचा आवाज मला आठवेनासा झाला होता. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, मयूरालासुद्धा नाही. फोटो ढीगभर आहेत, पण व्हिडिओ काढायला लागलं की ती तोंडाला पदर लावायची आणि हातानं पुरे म्हणायची. चेहरा रोज डोळ्यांपुढे यायचा आणि त्या चेहऱ्याचे ओठ नुसतेच हलायचे. मी टेबलावर डोकं टेकून रडलो. चांगला रडलो, आणि तेही प्रेक्षक नसताना.

रडून झाल्यावर लक्षात आलं की ही मला प्रॉम्प्ट करतेय. कुणी अडखळलेला नसताना, माझं प्रत्येक वाक्य. त्या प्रवेशात कुमुदिनी बोलत होती तेव्हा डावी बाजू मुकी. मी तोंड उघडणार म्हटलं की हिचा श्वास. मी ताबडतोब कुमुदिनीला फोन लावला.

“वृंदा मला प्रॉम्प्ट करायची?”

कुमुदिनी इतकी हसली की तिला खोकला आला. “अरे बाळ, हे तुला आज कळतंय? पहिल्या रांगेतल्यांनासुद्धा ऐकू यायचं.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“तिनं दम भरला होता सगळ्यांना. म्हणायची, त्याला वाटतं त्याचं त्यालाच आठवतं. वाटू दे.”

शपथेवर सांगतो, मला खरंच तसं वाटायचं. वाक्य डोक्यात आपोआप उगवायचं. ते डाव्या कानातून आत येतंय अशी शंका एकदाही आली नाही. मंडळातल्या वीस-पंचवीस माणसांना माझं पाठांतर कुठून येतं ते ठाऊक होतं. एक मी सोडून.

दुसऱ्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. आमची म्हणजे वृंदाची आणि माझी. आंघोळ, चहा उरकला की उजवी बाजू शून्य, डावी शंभर, आणि मी खोलीच्या मधोमध उभा. ती शब्द द्यायची, मी वाक्य म्हणायचो. मला वाटलं होतं, आता काय, गड जिंकला. पण ती थांबेना. माझी जीभ म्हातारी झाली होती, ती चाचपडत एक वाक्य संपवते न संपवते तोच वृंदा पुढच्यावर. खरी वृंदा मी बोलेपर्यंत थांबायची. परत द्यायची, पुन्हा द्यायची, अगदी रात्रभर थांबली असती. ही रेकॉर्डिंगमधली वृंदा तेव्हाच्या माझ्यासाठी थांबत होती. तो पडद्यापलीकडे उभा असलेला, पावडरीखाली काळ्याभोर केसांचा माणूस वेळेवर बोलत होता आणि त्याचं बोलून झालं की ती पुढे जात होती. मी अडलोय हे तिला कसं कळावं? पहिल्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो, “अगं, जरा दम धर!” आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

तरी ते दिवस बरे गेले, हे कबूल करायला हवं. घरात मराठी ऐकू येत होतं. शर्माजींनी एकदा विचारलंही, “भाईसाब, मेहमान आए हैं क्या?” मी हो म्हणालो. भाजी चिरताना, कपडे वाळत घालतानाही माझे प्रवेश लावून ठेवायचो. सकाळी उठायला काहीतरी कारण होतं.

आणि मग एका सकाळी मी तिच्या आधी बोललो. तिचा श्वास ऐकू यायच्या आत माझं वाक्य बाहेर पडलं आणि तिचे शब्द माझ्या आवाजाखाली बुडाले. पुढचंही तसंच, आणि त्याच्या पुढचंही. माझं पाठ झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं मला. खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण आता तिचं ऐकायचं तर मला तोंड मिटून बसावं लागत होतं, आणि तोंड मिटून बसणं मला कधीच जमलेलं नाही.

त्याच आठवड्यात मयूराचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

“बाबा, क्लीन फाइल पाठवलीय. एकदम क्लिअर. डावी साइड काढूनच टाकली मी, उजवीच दोन्हीकडे लावली. डावीकडे कुणीतरी बाई नॉनस्टॉप बडबडत होती.”

“काढून टाकलीस?”

“हो ना. नुसतं डिस्टर्बन्स.”

“कुणी सांगितलं होतं तुला काढायला?” मी ओरडलो. मला ओरडायचं नव्हतं, पण आवाज कमवलेला आहे, एकदा सुटला की आवरत नाही.

“बाबा, तुम्हीच सांगितलं होतं,” ती हळू म्हणाली. “मी संडे त्याच्यात घालवला.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण मला दोन गोष्टी दिसल्या. एक, तिला कळेल की तिनं आईचा आवाज ओळखला नाही. दुसरी, तिला कळल्यावर वृंदा माझ्या एकट्याची राहणार नाही. पहिली गोष्ट मी स्वतःला सांगितली आणि दुसरी लपवली. मूळ फाइल माझ्याकडे होतीच. मी म्हणालो, “छान झालंय. थँक यू.” ती म्हणाली, “ठीक आहे,” आणि आम्ही फोन ठेवला.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. मयूरा गुडगावहून आली, पण माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. हॉल अर्धा भरलेला. स्टेजसमोर शालिनीनं एक लॅपटॉप ठेवला होता. मी पाठवलेल्या क्लीन रेकॉर्डिंगवरून माझी वाक्यं मोठ्या अक्षरांत टाइप करून घेतली होती. “काका, बॅकअप म्हणून हं, टेन्शन नाही घ्यायचं.” कुमुदिनी खुर्चीत बसूनच काम करणार होती. मी तिच्या बाजूला उभा राहिलो, डावीकडे विंगेत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि पाण्याचे जार होते.

मी लॅपटॉपकडे पाहिलंही नाही. एक शब्द चुकला नाही, एक पॉज हुकला नाही. प्रत्येक वाक्य माझ्या स्वतःच्या डोक्यातून आलं आणि मला ते येताना कळलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शालिनी माइकवर म्हणाली, “या वयात ही मेमरी! बाळकाकांना आजही प्रॉम्प्टर लागत नाही!” मी हात जोडले. इतकं एकटं मला वृंदाला पोचवून घरी आलो त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

परतीच्या वाटेवर मयूरा गाडी चालवत होती. आम्ही यमुनेचा पूल ओलांडला.

“मस्त झालं, बाबा,” ती शेवटी म्हणाली. “मी उगाच घाबरत होते. तुम्ही रहा तुमच्या घरी. मी नाही आता पाठी लागणार.”

मला हवं होतं ते मिळालं होतं. आता ती मला घरी सोडणार, चहा घेणार आणि जाणार, आणि परत काही बिघडेपर्यंत फोन यायचं कारण नाही. हे सगळं मला तिथे गाडीत बसल्या बसल्या लख्ख दिसलं, आणि मी घाबरलो. खरंच घाबरलो.

घरी आल्यावर तिनं चहा टाकला. कप घेऊन आली तर मी कॉम्प्युटर चालू करून बसलो होतो.

“परत स्पीकर?”

“बस. तू काढून टाकलीस ती बाजू ऐक.”

“बाबा, प्लीज. सॉरी म्हणते हवं तर.”

“ऐक गं.”

उजवी शून्य, डावी शंभर. खरखर आली. वृंदानं श्वास घेतला आणि आबांचं पहिलं वाक्य दिलं. मयूरा कप ओठांशी नेत म्हणाली, “हां, हीच ती.” मग दुसरं वाक्य आलं. मग तिसरं. तिनं कप खाली ठेवला.

“आई आहे,” ती म्हणाली. मला विचारत नव्हती. थोड्या वेळानं म्हणाली, “मी डिस्टर्बन्स म्हटलं.”

“मी बया म्हटलं होतं. प्रेक्षकांतली.”

ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. मग आम्ही बाप-लेक ऐकत राहिलो. माझा प्रवेश संपला आणि कुमुदिनीचा एकटीचा सुरू झाला. इथे मी रोज पुढे सरकवायचो. मी रंगमंचावर नाही, वृंदा मला काही देत नाही, मग ऐकायचं काय? सवयीनं माझा हात माउसकडे गेला.

“राहू द्या ना, बाबा.”

राहू दिलं. कुमुदिनी पडद्यापलीकडे लांब कुठेतरी बोलत होती. विंगेत कागद वाजला. स्टूल करकरलं. आणि वृंदा बोलली, पण नाटकातलं नाही. विठ्ठलरावांनी हे लिहिलेलं नव्हतं.

“मयू, पाय नको आपटूस. झोप आली का? ये, इथे डोकं ठेव.”

मग एक बारीक, रडवेला आवाज. “किती राहिलं?”

“थोडंच. बाबांचं झालं की आपण घरी जाऊ हं.”

मयूरानं माउस ओढून घेतला आणि ते मागे नेलं, परत ऐकलं, परत मागे नेलं. सबंध रेकॉर्डिंगमध्ये वृंदानं मला दिले ते सगळे दुसऱ्याचे शब्द होते. तिचे स्वतःचे एवढेच, आणि ते या मुलीला. ते मी रोज ओलांडून पुढे जात होतो. मला फार वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि यातलं कुठलं जास्त ते ठरवता आलं नाही.

मयूरानं डोळे पुसले आणि ते पुढे चालू दिलं. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा एकदम लहान झाला होता.

“बाबा, मग आपण घरी कसे गेलो?”

मी तोंड उघडलं. स्कूटर तेव्हा घेतली होती की नंतर? मयूरा वृंदाच्या खांद्यावर झोपली होती की माझ्या? बाहेर थंडी होती का? की मी मंडळींबरोबर मागे राहिलो आणि त्या दोघीच बसनं गेल्या? असलं सगळं वृंदा सांगायची. मी नुसती सुरुवात करायचो, “त्या दिवशी ना,” आणि पुढचं तिच्याकडून यायचं. मी थांबलो. डावीकडे कान देऊन, पुढचा शब्द येईल म्हणून तसाच थांबलो.

डावीकडून तिनं श्वास घेतला. “सूनबाई, दिवा लावा,” ती म्हणाली. माझा पुढचा प्रवेश सुरू झाला होता. मयूरा अजून माझ्या उत्तराची वाट बघत होती.